गप्प म्हणजे बरोबर

त्या बुधवारी दुपारी दोन वाजता आमच्या वाचन-खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि आम्हा दोघांचे फोन साहेबांनी स्वतःच्या खणात ठेवले. असं वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं. एरवी सरकारी छापखान्यात लपवावं असं काही छापलं जात नाही. बदल्यांच्या याद्या, रस्त्याच्या हद्दी, कुणी नाव बदललं त्याची सूचना. आमचं काम ते शाई लागण्याआधी वाचायचं.

वाचायची पद्धत जुनी आहे. दोघांनी बसायचं. एकानं मूळप्रत मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस, सगळं उच्चारून. दुसऱ्यानं प्रुफावर बोट ठेवून ऐकायचं. फरक दिसला की बोट ठेवणाऱ्यानं ‘थांबा’ म्हणायचं. तो काही बोलला नाही तर ते बरोबर, असं धरायचं. शेवटी दोघांच्या सह्या. माझे बाबा याच खोलीत चौतीस वर्षं बसले. मी नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, “इथे गप्प म्हणजे बरोबर. तेव्हा बोलताना एकदा विचार कर आणि गप्प बसताना दहादा.”

माझा जोडीदार बुटका आणि जरासा पुढे वाकलेला. बाबांनीच त्याचं नाव स्वल्पविराम ठेवलं होतं. त्याला ते आवडायचं. म्हणायचा, “निदान पूर्णविराम तरी नाही म्हणाले.”

त्या दिवशी मूळप्रत माझ्याकडे होती. साथ चार आठवड्यांपासून सरकत जवळ येत होती आणि सगळ्यांना वाटत होतं तसाच हुकूम होता. उद्या सकाळी सहापासून लागू. कलम चार: कोणीही दुसऱ्याच्या राहत्या घरात प्रवेश करू नये. कलम पाच: मोडणाऱ्यावर खटला. कलम सात जरा वेगळं होतं. त्यात शिक्षा नव्हती, फक्त सांगणं होतं. ज्याला ताप, खोकला किंवा घशात खवखव असेल त्यानं आपण होऊन इतरांपासून, विशेषतः साठ वर्षांवरील माणसांपासून, दूर राहावं.

‘खवखव’ या शब्दावर माझा आवाज फाटला.

“अहो, अभिनय नको,” स्वल्पविराम म्हणाला. “नुसतं वाचा.”

मीही हसले. पाणी प्यायले आणि पुढचं वाचलं. घसा सकाळपासून धरला होता. छापखान्यात सगळेच खाकरतात. कापायच्या यंत्राजवळ कागदाची बारीक धूळ उडते, ती नाकातोंडात जाते, आम्ही तिला जमेत धरत नाही. पण हा घसा धुळीचा नव्हता. धूळ खाकरली की निघते. हे गिळताना दुखत होतं. मला फरक कळत होता. एवढं लिहून ठेवते, बाकीचं ज्याच्या त्याच्या क्रमानं येईल.

साडेपाचला दार उघडलं. साहेब म्हणाले, “सहा वाजेपर्यंत तोंड बंद.” उद्याचे सहा, असं त्यांना म्हणायचं होतं. मी बाहेर पडले आणि पाय आपोआप आईबाबांच्या घराकडे वळले, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होते. आपोआप नव्हते वळले. मी कोपऱ्यावर उभी राहून विचार केला होता. उद्यापासून किती आठवडे जाता येणार नाही कोण जाणे. आज जाता येतंय. आज मनाई नाही.

बाबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. उजवा आधीच गेल्यात जमा. रोज संध्याकाळी थेंब घालायचे होते, ते मी घालायचे, आणि महिनाभर वाचायचं नव्हतं. वाचायचं नाही हे बाबांना उपासापेक्षा कठीण. म्हणून ऑफिस सुटलं की मी जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. यंत्रांच्या आवाजानं त्यांचा डावा कान कधीच गेला होता. मी उजव्या बाजूला स्टूल ओढून, तोंड त्यांच्या कानापासून वीतभर ठेवून वाचायचे, तासभर, कधी सव्वा तास. पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत.

“उशीर केलास,” बाबा म्हणाले. डोळ्यावर पारदर्शक झाकण, त्याभोवती चिकटपट्टी, अंगात इस्त्रीचा शर्ट. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी संध्याकाळी शर्ट बदलायचे.

“काम होतं.”

“दार लावून?”

मी काही बोलले नाही.

बाबांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. “अगं, उद्याची वाट बघू नकोस. साबण, तांदूळ, तुझ्या गोळ्या, सगळं आत्ताच आणून ठेव.”

“आता हे काय नवीन?” आई आतून म्हणाली.

“ही गप्प आहे.”

आई पिशवी घेऊन खाली गेली. मी वाचायला बसले. दुसऱ्या पानावर आवाज पुन्हा फाटला.

“आवाजाला काय झालं?”

“धूळ.”

“हलका कागद घेतला असणार. ज्याची एवढी धूळ होते तो कागद घेऊच नये.” मग माझ्या हातावर थोपटून म्हणाले, “दमली असशील तर राहू दे.”

“नाही. वाचते.”

आणि मी सगळं वाचलं. त्यांनी दोन ठिकाणी थांबवून व्याकरण सुधारलं, एका मंत्र्याच्या वाक्यावर “हा माणूस क्रियापदाला घाबरतो” असं म्हणाले, आणि हवामानाच्या चौकटीपाशी त्यांना डुलकी लागली. मी पेपरची घडी घातली. त्यांचा कान माझ्याकडे होता.

जिन्यात खळकाका भेटले. त्यांचं बुकबाइंडिंगचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. हाताच्या बोटांवर वाळलेली खळ कायम, म्हणून बाबा त्यांना खळ म्हणत आणि ते बाबांना प्रूफ्या. काखेत बुद्धिबळाची पेटी होती. तीस वर्षं रोज संध्याकाळी एक डाव. त्या महिन्यात बाबांना पट दिसत नव्हता, तर काका दोघांचेही मोहरे हलवायचे आणि बाबा तोंडानं चाली सांगायचे.

“काय गं, घसा बसलाय?”

“धूळ आहे, काका.”

“मग आज त्याला वाचून दाखवलंस की भुंकून?” स्वतःच्याच विनोदावर हसत ते वर गेले. मी खाली आले. कलम सात माझ्या पर्समध्ये नव्हतं, पण सगळं पाठ होतं. आमचं काम केलेल्या माणसाला मोठ्यानं वाचलेलं विसरता येत नाही.

सकाळी सहाला हुकूम लागू झाला. त्या क्षणापासून मी तो अक्षर न् अक्षर पाळला.

शुक्रवारी सकाळी चहाला वास नव्हता. पावडरचा डबा नाकाशी धरला, साबण धरला, मग कपाटातली शाईची जुनी दौत. काही नाही. ताप फक्त शुक्रवारी रात्री आला आणि शनिवारी उतरला. तपासणी तेव्हा फक्त तीन दिवस ताप असलेल्यांची व्हायची. माझा एकच दिवस होता. मी ऑफिसला कळवलं, दार लावून घेतलं, दुकानदाराला सामान पायरीवर ठेवायला सांगितलं. नियमात एवढंच होतं आणि मी एवढंच केलं.

आईला रोज फोन करायचे. बाबांना फोनवर काहीच ऐकू यायचं नाही. शनिवारी आई म्हणाली, “खळ येऊन थेंब घालून गेले. दोन दिवस मी घातले तर सगळे गालावर. माझा हात कसा थरथरतो माहितेय ना तुला.”

“आत आले?”

“मागच्या जिन्यानं. थेंब काय खिडकीतून घालणार? थोडं वाचूनही दाखवलं. यांना बरं वाटलं.”

“आई, कुणाला आत घेऊ नका. हुकूम आहे.”

“मग तू ये घालायला.”

त्या क्षणी सांगता आलं असतं. मला बरं नाही, बुधवारी पण नव्हतं, बाबांवर लक्ष ठेव, जरा अंग गरम वाटलं तर लगेच कळव. दोन वाक्यं. त्या दोन वाक्यांनी उपचाराचे दोन दिवस वाचले असते, कदाचित त्यापेक्षा जास्त. मी म्हणाले, “हुकूम मोडता येत नाही, आई.” आई म्हणाली, “हो, तू सरकारी माणूस,” आणि फोन ठेवला.

सोमवारी बाबांना ताप आला. बुधवारी दम लागला. गाडी आली तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून, कठड्याला धरून, स्वतःच्या पायांनी उतरले. आई वरून बघत होती. मी माझ्या घरी होते. घराबाहेर न पडायचे माझे दिवस अजून संपले नव्हते.

दवाखान्यात कुणाला सोडत नव्हते. एक नर्स रोज दुपारी फोन करायची. चौथ्या दिवशी तिनं फोन बाबांच्या कानाशी धरला आणि म्हणाली, बोला. मी बोलले. कुठल्या कानाशी धरला होता ते मी विचारलं नाही. रविवारी ते गेले. शेवटचं बघायला दोघांना, दहा पावलांवरून, इतकी परवानगी होती. डोळ्यावरचं झाकण कुणीतरी काढून ठेवलं होतं. मला तेवढंच दिसलं.

त्यानंतर मी परवाना काढून आईकडे राहायला आले. आईची तपासणी झाली, तिलाही लागण होती, पण दोन दिवस अंग दुखण्यापलीकडे काही झालं नाही. “मला काय धाड भरलीय,” ती म्हणायची.

आठवड्यानं साथ-नियंत्रण कार्यालयाची बाई आली. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहूनच तिनं फॉर्म भरला. तिशीची असेल. डोळ्यांखाली काळं, बुटांना चिखल. त्या दिवसातलं आमचं सतरावं घर, म्हणाली. ती वाईट नव्हती. आईला तिनं दोनदा बसायला सांगितलं.

“प्रश्न सहा. आदेश लागू झाल्यानंतर घरात बाहेरचं कोण आलं?”

“खळ आले. बाइंडर. शनिवारी, रविवारी, सोमवारी.”

“आत?”

“आत. मागच्या जिन्यानं.”

तिनं लिहून घेतलं. मग मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. “तुम्ही मुलगी ना? तुम्ही?”

“मी वेगळी राहते. आदेश लागू झाल्यानंतर आले नाही.”

“छान,” ती म्हणाली, आणि ते मनापासून होतं. “सगळे तुमच्यासारखे वागले असते, तर मला सतरा घरं फिरावी लागली नसती.”

आदेश लागू होण्याआधीचा रकाना फॉर्मवर नव्हता. मी बघितलं होतं. फॉर्म आमच्याकडेच छापला होता.

त्या दिवसापासून आईला कुणीतरी सापडलं. याआधी ती साथीवर, सरकारवर, डॉक्टरांवर, देवावर आळीपाळीनं चिडायची आणि कुणीच पुरायचं नाही. आता एकच माणूस पुरला. “त्याचं नाव काढू नकोस या घरात. तीस वर्षं डाव हरत होता. शेवटी जिंकला बघ.” बुद्धिबळाची पेटी काका सोमवारी विसरून गेले होते, ती तिनं मागच्या जिन्यात नेऊन ठेवली. मी ती आत आणायचे, ती पुन्हा बाहेर ठेवायची.

तीन आठवड्यांनी मी कामावर रुजू झाले. खिडक्या उघड्या, खुर्च्या लांब, तोंडावर फडकी. स्वल्पविराम ओरडून वाचायचा. राजपत्रात आता एक नवी पुरवणी दर शनिवारी निघत होती: हुकूम मोडणाऱ्यांची यादी, गुन्हा आणि सुनावणीची तारीख. दुसऱ्याच आठवड्यात तो वाचता वाचता म्हणाला, “ह्या सगळ्या यादीत एक तरी मोठा मासा दाखवा. लग्नाला चारशे माणसं जमवली तो कुठे आहे? चोर सोडून संन्याशाला सुळी. चला. पुढचा. बुकबाइंडर, स्वल्पविराम, वय अडुसष्ट, स्वल्पविराम, कलम चार तीन वेळा मोडून एका आजारी ज्येष्ठ नागरिकाच्या घरात प्रवेश केला व त्यामुळे सदर नागरिकास लागण होऊन…”

तो थांबला. पत्ता त्याच्या डोळ्यांना आधी दिसला होता.

“तुम्ही बाहेर जा,” तो म्हणाला. “हे मी दुसऱ्या कुणाबरोबर वाचतो.”

“वाचा.”

“अहो, पण…”

“वाचा. कंस सुटला तुमचा मघाशी.”

त्यानं वाचलं, एकही विराम न गाळता. माझं बोट प्रुफावरून सरकत गेलं. “त्यामुळे” या शब्दाखाली ते क्षणभर अडलं. मूळप्रतीत “त्यामुळे” होतं, प्रुफात “त्यामुळे” होतं. फरक नव्हता. मी गप्प बसले. खाली दोघांच्या सह्या झाल्या. माझी सही बाबांसारखी आहे, फक्त शेवटची रेघ लहान.

शनिवारी यादी छापून भिंतींवर लागली. त्याआधीच काकांच्या दुकानाला सील होतं. मग शटरवर कुणीतरी कोळशानं एक शब्द लिहिला. तो इथे लिहीत नाही.

रविवारी मी त्यांच्या गल्लीत गेले. ते दुकानाच्या वरच राहतात, एकटे. मी रस्त्यावर उभी राहिले, ते खिडकीत आले. दाढी वाढली होती. बोटं पहिल्यांदाच स्वच्छ दिसली.

“आईचा हात कसा आहे?” त्यांनी विचारलं.

“तसाच. काका, तुमची तपासणी झाली ना?”

“दोनदा. काही निघालं नाही. साहेब म्हणाला, निघालं नाही म्हणजे नव्हतंच असं नाही. बरोबरच आहे त्याचं. आमच्यात पण, पुस्तक उसवलं नाही म्हणजे शिवण चांगली असंच काही नसतं.”

“तुम्ही त्यांना बुधवारचं सांगितलं नाहीत.”

“कुठल्या बुधवारचं?”

“मी जिन्यात भेटले होते.”

त्यांनी खिडकीच्या चौकटीवरचा एक पोपडा नखानं काढला. “कुणी विचारलंच नाही. आणि मी काय सांगू? मी आत गेलो, हे खरं ना? हुकूम होता, मला माहीत होता, आणि मी गेलो. प्रूफ्याचा डोळा गेला असता. मी पुन्हा जाईन. तू गेलीस तेव्हा हुकूम नव्हता. तू बरोबर, मी चूक.”

“असं नाही ते, काका.”

“मग कसं आहे? तुझ्याकडून की माझ्याकडून, की कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, कोण डॉक्टर छातीठोक सांगेल? कुणी नाही. एक बुडालाय तेवढा पुरे. तुला नोकरी आहे, आई आहे. मला काय, चार फाटकी पुस्तकं.” मग खाली वाकून, गल्लीकडे बघत, हळू म्हणाले, “आणि तुझ्या आईला आता नवरा नाही. मुलगीही नको का तिला?”

घरी आले तर आईनं विचारलं, कुठे गेली होतीस. मी म्हणाले, चालायला.

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात होती. मुलं नव्हती, पण भिंतीवर त्यांची चित्रं होती, सगळ्या खिडक्या उघड्या, खुर्च्या खडूच्या खुणांवर. समितीत तिघं. अध्यक्षा निवृत्त डॉक्टर, सत्तरीच्या आसपास, आवाज थकलेला पण सरळ. सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं, “हुकमामुळे किती वाचले ते आम्हाला मोजता येत नाही. गेलेले तेवढे मोजता येतात. म्हणून इथे बसलेल्या प्रत्येकाला आम्ही क्रूर वाटणार. इलाज नाही.” मला त्या खोट्या वाटल्या नाहीत. हा हुकूम एक दिवस आधी लागू झाला असता तर, असं मी कितीदा मनात म्हटलं होतं. जणू मला थांबवणं हे सरकारचंच काम होतं.

त्यांनी दोन शक्यता समजावल्या. नुसता हुकूम मोडला असं ठरलं, तर ताकीद आणि दुकानाचं सील काढायचं. मोडल्यामुळे मृत्यू झाला असं ठरलं, तर प्रकरण फौजदारी न्यायालयात, तुरुंग दोन वर्षांपर्यंत, आणि दुकान कायमचं बंद. काका अडुसष्टचे होते.

“तुमचं म्हणणं?” अध्यक्षांनी विचारलं.

काका उभे राहिले. “गेलो होतो. तीनदा. थेंब घातले. पेपर वाचला. एकदा एक डाव मांडला, अर्धाच झाला.”

“का गेलात?”

“यांचा हात थरथरतो,” आईकडे न बघता ते म्हणाले. “आणि तो वाचल्याशिवाय राहू शकत नाही. शकत नव्हता.”

“तुमच्याकडून लागण झाली, असं तुम्हाला वाटतं?”

“मला काय कळतं त्यातलं, बाई? झाली असेल.”

आई माझ्या शेजारी ताठ बसली होती. मांडीवरचा डावा हात हलत होता, उजव्यानं ती तो दाबून ठेवत होती. बाबा गेल्यावर ती एवढी ताठ बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते. तिचा जबाब हाच एक पुरावा होता. काकांच्या तपासणीत काही नव्हतं, फॉर्ममध्ये फक्त तारखा होत्या. लेखनिकानं जबाब टाइप करून आणला होता. एक प्रत त्याच्या हातात, दुसरी त्यानं आईपुढे ठेवली.

“मी वाचतो,” तो म्हणाला. “तुम्ही समोरच्या कागदात बघत ऐका. काही चुकलं असेल तर तिथेच सांगा. नसेल तर खाली सही करा.”

आईनं कागद माझ्याकडे सरकवला. “माझं लक्ष लागत नाही, तू बघ. तुझं तर कामच आहे हे. बरोबर असेल तर मी सही करते.”

मी कागद घेतला. बोट आपोआप पहिल्या ओळीखाली गेलं. लेखनिक वाचू लागला. विराम उच्चारत नव्हता, घाई करत होता, पण वाचत बरोबर होता. मयताचं वय. ऑपरेशनची तारीख. थेंबांची वेळ. आरोपी मागील जिन्यानं आला. शनिवार, रविवार, सोमवार. सगळं जुळत होतं. समोर काका उभेच होते. बसा म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“माझ्या पतीला लागण होण्याचा दुसरा कोणताही संभव नव्हता,” लेखनिकानं वाचलं. “आदेशाच्या आधी किंवा नंतर आरोपीखेरीज आजाराची लक्षणं असलेली कोणतीही व्यक्ती आमच्या घरी आली नव्हती, किंवा माझ्या पतीच्या जवळ…”

“थांबा,” मी म्हणाले.

तो थांबला. अध्यक्षांनी चष्मा वर केला.

“काय चुकलं?” लेखनिकानं विचारलं. “तुमच्या प्रतीत वेगळं आहे का?”

“नाही. प्रत बरोबर आहे.”

“पोरी,” काका म्हणाले, “खाली बस.”

मी उभी राहिले आहे हे मला तेव्हा कळलं. आई खालून बघत होती. तिचा हात सुटला होता आणि खुर्चीच्या कडेवर टकटक वाजत होता. तिला अजून काही कळलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर फक्त, कुठे चुकलं गं, एवढंच होतं. मी तिच्याकडे बघूनच बोलले, कारण समितीला सांगायचं असतं तर कदाचित लिहूनही देता आलं असतं.

“आई, आदेशाच्या आधी मी आले होते. बुधवारी. पावणेसहा ते सात. त्या दुपारी मी तो हुकूम मोठ्यानं वाचला होता, कलम सातसुद्धा. घसा दुखत असेल तर म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊ नका, असं त्यात होतं. माझा घसा सकाळपासून दुखत होता. उद्यापासून जाता येणार नाही म्हणून मी गेले. मनाई दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लागणार होती म्हणून गेले. तासभर त्यांच्या कानाशी बसून वाचलं. शुक्रवारी माझा वास गेला, ताप आला, आणि शनिवारी तू फोनवर थेंबांचं बोललीस, तेव्हाही मी तुला सांगितलं नाही. काकांनी जिन्यात माझा आवाज ऐकला होता. ते तेव्हापासून गप्प आहेत. बाबांनी मला विचारलं होतं, आवाजाला काय झालं. मी धूळ म्हणाले. त्यांनी कागदाला दोष दिला. आई, धूळ नव्हती. मला तेव्हाच माहीत होतं, धूळ नव्हती.”